जिझेलवाला आदोल्फ आदाँ खरं तर विनोदी ऑपेरावाला होता, मग ते ऑपेरे गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिझेल बॅले बघितला, खूप आवडला, नंतर कुठेतरी वाचलं की आदोल्फ आदाँ (आपल्याकडे सगळे अ‍ॅडम म्हणतात तोच) मुळात कॉमिक ऑपेरे लिहायचा आणि त्यावरच त्याचं नाव झालं होतं. मग ते ऑपेरे आज कुणी का करत नाही, एवढा चालणारा माणूस कर्जात कसा बुडाला, आणि तो मुळात हलकाच संगीतकार होता का?

मी गायकांबरोबर पियानोवर बसतो, त्यांच्याकडून ऑपेरातले पार्ट बसवून घेणं हेच माझं काम, आणि आदाँची गाणी त्या कामात सतत समोर येतात, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ राहील. आदाँ हा पक्का थिएटरचा माणूस होता, त्याची सोपी चाल ही शिकून, घासून कमावलेली होती, आणि त्याचं वाटोळं झालं ते प्रतिभा आटली म्हणून नाही तर पॅरिसमधल्या थिएटर-परवान्यांच्या राजकारणामुळे आणि एका क्रांतीमुळे.

आधी ऑपेरा-कोमीक म्हणजे काय ते बघू, कारण नाव ऐकून वाटतं की पोट धरून हसवणारं काहीतरी असेल. तसं नाही. आपलं संगीत नाटक डोळ्यासमोर आणा, पात्रं साधं बोलतात, प्रसंग रंगला की पद येतं, परत बोलणं सुरू. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये शाकुंतल आणलं तेव्हा मराठी प्रेक्षकाला जे मिळालं साधारण तोच साचा पॅरिसमध्ये आधीपासून रुळलेला होता. गोष्ट गंभीर असली तरी चालायची, फक्त मधे गद्य संवाद पाहिजेत. आणि हे संवाद म्हणजे आवडीनिवडीचा मामला नव्हता, सरकारी नियम होता. नेपोलियनने 1807 मध्ये पॅरिसमधली थिएटरं आठावर आणली आणि कुणी काय करायचं ते वाटून दिलं. मोठ्या ऑपेरात अथपासून इतिपर्यंत गायचं, इटालियन थिएटरात इटालियन, आणि ऑपेरा-कोमीक नावाच्या थिएटरात बोलणं अधिक गाणं. पुढे थिएटरांची संख्या वाढली, नियम थोडे सैल झाले, पण परवाना पद्धत थेट 1864 पर्यंत टिकली. हे नीट लक्षात ठेवा, कारण आदाँचं सगळं आयुष्य याच चौकटीत गेलं. फ्रेंच भाषेत, संवाद असलेला ऑपेरा लिहिणाऱ्याला पॅरिसमध्ये खरं म्हणजे एकच दुकान होतं. तिथला डायरेक्टर खूश तर सगळं खूश.

माणसाविषयी. जन्म 24 जुलै 1803, पॅरिस. वडील लुई आदाँ म्हणजे पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयरमधले, म्हणजे तिथल्या सरकारी संगीतशाळेतले, पियानोचे मोठे नाव असलेले शिक्षक, त्यांची पियानो शिकवण्याची पद्धत पुस्तक म्हणून छापलेली, कालब्रेनर आणि एरोल्डसारखे शिष्य. आणि या गृहस्थांना पोरगा संगीतात जायला नको होता. शेवटी परवानगी दिली ती या अटीवर की थिएटरसाठी लिहायचं नाही. पोराने काय केलं, तर एका छोट्या थिएटरच्या, जिम्नाझच्या, ऑर्केस्ट्रात ट्रँगल वाजवायला जाऊन बसला! पुढे तिथेच टिंपनी (मोठे नगारे) आणि कोरस तयार करणं. माझ्या मते कॉन्झर्व्हेटॉयरइतकंच शिक्षण त्याला रंगमंचापुढच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात बसून मिळालं, कारण रोज रात्री प्रेक्षक कुठे चुळबुळ करतो, कुठे टाळी येते, गायकाला श्वास कुठे लागतो हे ट्रँगल घेऊन मोकळं बसलेल्या माणसाला जेवढं कळतं तेवढं पहिल्या व्हायोलिनवाल्यालाही कळत नाही.

कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये त्याला गुरू मिळाले ब्वाएल्द्यू, त्या वेळचे ऑपेरा-कोमीकचे सगळ्यात मोठे नाव. ब्वाएल्द्यूंचा सगळा भर चाल स्वच्छ ठेवण्यावर होता, पांडित्य दाखवण्यावर नाही. 1825 मध्ये ब्वाएल्द्यूंचा ला दाम ब्लांश रंगमंचावर आला तेव्हा ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, वेळेत संपेना, तर आदाँने हात लावून ते पूर्ण करायला मदत केली. त्याच वर्षी प्री द रोम या सरकारी स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस. पहिलं कधीच मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला रोमला जाऊन बसण्यापेक्षा पॅरिसच्या छोट्या थिएटरांत व्हॉदव्हीलची, म्हणजे हलक्याफुलक्या विनोदी नाटकांची, गाणी लिहिण्यात जास्त रस होता. 1829 मध्ये ऑपेरा-कोमीकात पहिला एकांकी ऑपेरा आला. मग 1830 ची जुलै क्रांती, थिएटरं थंड, 1832 मध्ये पॅरिसमध्ये कॉलरा. मेव्हणा लापोर्त लंडनला कॉव्हेंट गार्डन चालवत होता, आदाँ तिकडे गेला, थोडं काम केलं, परत आला. 1834 मध्ये ल शाले, एक अंकी, स्वित्झर्लंडच्या डोंगरातली साधी प्रेमकथा, मूळ कल्पना गटेची, लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, स्क्रीब आणि मेलेसव्हीलचं. हा ऑपेरा पुढे हजारावर प्रयोग चालला. तिथून तो स्थिरावला.

आता पोस्तियाँकडे येतो, कारण आदाँ समजायचा असेल तर ल पोस्तियाँ द लाँज्युमो समजला पाहिजे. 13 ऑक्टोबर 1836 ला पहिला प्रयोग. पोस्तियाँ म्हणजे टपालाच्या घोडागाडीच्या डाव्या घोड्यावर बसून गाडी हाकणारा माणूस, लाँज्युमो हे पॅरिसच्या दक्षिणेचं गाव. गोष्ट अशी, 1756 साल, शापलू नावाचा देखणा पोस्तियाँ, त्याचं मादलेनशी त्याच दिवशी लग्न झालंय. राजाच्या ऑपेराचा कारभारी मार्की द कोर्सी टेनरच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाच्या, शोधात फिरतोय, नेमकं याच गावात त्याच्या गाडीचं चाक मोडतं, तो शापलूचं गाणं ऐकतो आणि म्हणतो चल, आत्ताच्या आत्ता चल. आणि हा पठ्ठ्या लग्नाच्या रात्री बायकोला सोडून पॅरिसला जातो. दहा वर्षांनी तो सें-फार नावाचा स्टार टेनर झालेला असतो, मादलेनला मावशीची इस्टेट मिळून ती मादाम द लातूर झालेली असते, आणि हा मूर्ख आपल्याच बायकोला न ओळखता तिच्या प्रेमात पडतो. खोटा पाद्री उभा करून खोटं लग्न लावायचा घाट घालतो, पण ती गुपचूप खरा पाद्री आणते, म्हणजे कागदोपत्री आता याच्या दोन बायका आणि त्या काळी त्याला फाशी! शेवटी उलगडा होतो की दोन्ही बायका एकच.

पहिल्या अंकातलं शापलूचं गाणं, ‘मित्रांनो, ऐका एका तरुण पोस्तियाँची गोष्ट’, हे मी गायकांकडून बसवून घेतो तेव्हा प्रत्येकाचं लक्ष एकाच जागेवर असतं, शेवटाकडचा तो वरचा डी. टेनरचा मानाचा स्वर म्हणजे वरचा सी, आणि हा त्याच्याही वर एक अख्खा स्वर. आजचा टेनर तिथे छाती भरून, जोर लावून जायला बघतो आणि बहुतेक वेळा गळ्याला फास बसतो. पण आदाँने हे लिहिलं जाँ-बातिस्त शोले या गायकासाठी आणि त्या काळचे फ्रेंच टेनर वरच्या पट्टीत आवाज हलका करत, डोक्यात नेत, आपले गवई ज्याला चोरटा आवाज म्हणतील त्याच्या जवळ जाणारं काहीतरी, पण भरीव आणि गोड. छातीच्या आवाजात वरचा सी लावून पॅरिसला वेड लावलं ते द्युप्रे या टेनरने, मोठ्या ऑपेरात, 1837 मध्ये. म्हणजे पोस्तियाँ आल्यावर जेमतेम सहा महिन्यांनी! तिथून लोकांची आवडच बदलली, टेनर म्हणजे ताकद असं समीकरण झालं, आणि ज्या आवाजासाठी आदाँ लिहीत होता तो आवाज तयार करणंच हळूहळू बंद पडलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग इथे आहे.

गाण्याची रचना बघा. कडवं आहे ते जवळजवळ बोलल्यासारखं, मधल्या पट्टीत, एकेका अक्षराला एकेक सूर, शब्द प्रेक्षकाला कळलेच पाहिजेत अशा बेताने, ऑर्केस्ट्रा खाली फक्त टापांची लय धरून ठेवतो. मग ध्रुवपदाला, ‘ओ ओ ओ, काय देखणा होता तो लाँज्युमोचा पोस्तियाँ’, चाल उघडते आणि उंच जाते. म्हणजे मार्कीने ज्याच्यासाठी धावत यावं असा आवाज आहे हे गोष्टीत सांगायची गरजच उरत नाही, प्रेक्षकाला ते कानांनी पटतं. उंच स्वर इथे मिरवायला नाही, कथानकाचा खिळा आहे तो. हे न समजता फक्त डी साठी हे गाणं गाणारे गायक असतात, त्यांचं कडवं घाईत जातं आणि ध्रुवपदाला काही अर्थच राहत नाही. मी तर नव्या मुलांना आधी आठवडाभर नुसतं कडवं म्हणायला लावतो, डी ला हात लावायचा नाही.

जर्मनीत हा ऑपेरा फ्रान्सपेक्षाही जास्त टिकला. तिथला टेनर थिओडोर वाख्टेल, याच्या वडिलांचा घोडागाड्यांचा धंदा आणि तो स्वतः त्यात वाढलेला, शापलूची भूमिका हजारावर वेळा केली आणि गाण्याच्या तालावर चाबूक वाजवायचा. विसाव्या शतकात निकोलाय गेडाचं पदार्पण याच भूमिकेतलं, स्टॉकहोम, 1952. त्याचं रेकॉर्डिंग ऐका, वरचा डी कसा हलका सोडायचा ते तिथे आहे.

एक बाजूची गोष्ट. पोस्तियाँच्या सुमाराला ऑपेरा-कोमीकच्या ऑर्केस्ट्रात कोलोनहून आलेला एक तरुण पोरगा चेलो वाजवत होता, जाक ओफेनबाख. त्याचा उल्लेख परत येईल.

पुढची काही वर्षं आदाँचा हात थांबलाच नाही. 1839 च्या शेवटाला सेंट पीटर्सबर्ग, येताना बर्लिन, दोन्हीकडे काम. मग 28 जून 1841, जिझेल, पॅरिसच्या मोठ्या ऑपेरात, कार्लोता ग्रिसी नायिका, कथा गोतिए आणि सें-जॉर्ज यांची, नृत्य कोराली आणि पेरो यांचं. काही आठवड्यांत लिहिलेलं संगीत. तुम्ही बॅले बघितलाय म्हणून एकच जागा सांगतो, पहिल्या अंकाच्या शेवटी जिझेलला वेड लागतं तिथे ऑर्केस्ट्रात मघाच्याच सुरावटी परत येतात, फुलाच्या पाकळ्या खुडत ‘प्रेम आहे, नाही’ केलं तेव्हाची, दोघं नाचले तेव्हाची, पण तुटक, अर्धवट, मधेच हरवणाऱ्या. ती काय आठवतेय हे एकही शब्द न बोलता कळतं. हे कसब बॅलेच्या घराण्यातलं नाही, गाण्यातून गोष्ट सांगणाऱ्या माणसाचं आहे, आणि ते त्याने ऑपेरा-कोमीकात कमावलं. म्हणून ‘जिझेल लिहिणाऱ्याने वेळ घालवायला विनोदी ऑपेरे लिहिले’ असं कुणी लिहिलं की मला अजिबात पटत नाही, नातं उलट आहे.

1844 मध्ये तो इन्स्टिट्यूटवर, म्हणजे फ्रान्सच्या कला अकादमीवर निवडून गेला. याहून मोठा मान नाही. आणि नेमकं त्यानंतर गाडी उलटली.

ऑपेरा-कोमीकला नवा डायरेक्टर आला, आलेक्सांद्र बासे. त्याचं आणि आदाँचं वाजलं, आणि बासेने ठरवलं की मी आहे तोवर या माणसाचं नवं काही या रंगमंचावर येणार नाही. परत आठवा, दुकान एकच! आज एका बॅनरशी फिस्कटलं तर माणूस दुसरीकडे जाईल, त्याला दुसरीकडे नव्हतंच. प्रयोग झाला की पैसे, नाही झाला की नाही, असा हिशोब. तर आदाँने काय करावं, त्याने फ्रेंच ऑपेराचं तिसरं थिएटर काढायचं ठरवलं. आणि हे नुसतं सूड म्हणून नव्हतं हे मला आवर्जून सांगायचंय, कारण चरित्रांत हा भाग भांडकुदळपणा म्हणून उरकला जातो. कॉन्झर्व्हेटॉयरमधून दरवर्षी तरुण संगीतकार बाहेर पडत होते, बक्षिसं मिळवून, रोमला जाऊन परत येऊन वर्षानुवर्षं दारात उभे असत, कारण दोन थिएटरांत जागा नाही. तिसऱ्या थिएटरची मागणी कितीतरी वर्षं चालू होती. आदाँने ती स्वतःच्या खिशाने पुरी केली.

आशील मिरकूर या भागीदाराबरोबर परवाना मिळवला, बुलव्हार द्यु ताँप्लवरची जुनी सर्कशीची इमारत घेतली, तिचं थिएटर केलं, स्वतःची सगळी शिल्लक घातली आणि वर भलंमोठं कर्ज काढलं. 15 नोव्हेंबर 1847 ला ऑपेरा-नास्योनाल उघडलं. पहिल्या रात्रीचा मुख्य ऑपेरा कुणाचा ठेवला? स्वतःचा नाही. एमे मायार या तरुणाचा गास्तिबेल्झा. नांदीसारखा एक छोटा भाग होता तो आदाँ, ओबेर, काराफा आणि आलेव्ही या चौघांनी मिळून लिहिला होता, म्हणजे म्हाताऱ्यांनी दार उघडून दिलं आणि आत तरुण गेला. ज्याने कर्ज काढून थिएटर बांधलं त्याने पहिली रात्र दुसऱ्याला दिली.

त्याच डिसेंबरात, या सगळ्या धावपळीत, ऱ्होन नदीकाठच्या रोकमोर गावातल्या प्लासिद कापो नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या कवितेला त्याने चाल दिली आणि एमिली लोरे या गायिकेने ती गायली. मूळ फ्रेंचमध्ये ‘मिन्वी क्रेतियाँ’. जॉन सलिव्हन ड्वाइटने 1855 मध्ये इंग्रजी केलं ते ‘ओ होली नाइट’. मुंबईत, वसईत, गोव्यात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेला किंवा कॅरोल सिंगिंगला हे ऐकलं नाही असा ख्रिस्ती माणूस विरळा, आणि ते गाणं याच आदाँचं, याच दिवसांतलं.

फेब्रुवारी 1848. पॅरिसमध्ये परत क्रांती, राजा लुई-फिलिप पळाला, रस्त्यांवर बॅरिकेड. नाटकाला कोण जाणार? मार्चमध्ये ऑपेरा-नास्योनाल बंद. उघडून पाच महिनेही झाले नव्हते. त्याच वसंतात वडील गेले. आदाँने दिवाळखोरी पुकारून हात वर केले नाहीत, जुन्या ऑपेरांची जी काही रॉयल्टी येईल ती सगळी सावकारांच्या नावे लिहून दिली. म्हणजे शाले आणि पोस्तियाँ चालतायत, प्रेक्षक टाळ्या वाजवतोय, आणि लिहिणाऱ्याला त्यातलं काही नाही. पोटासाठी वर्तमानपत्रांत संगीतावर लेख लिहायला लागला, 1849 पासून कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये कंपोझिशन शिकवायला लागला. तुमच्या कर्जाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. उधळपट्टी नव्हती, जुगार नव्हता. चुकीच्या वर्षी थिएटर काढलं.

मधे ऑपेरा-कोमीकचा डायरेक्टर बदलला होता, एमिल पेरँ आला, दार परत उघडलं. आणि कर्जाखाली दबलेला माणूस जे लिहितो ते घाईचं, दमलेलं असेल असं वाटतं ना, तर नाही. ल तोरेआदोर (1849), जिराल्दा (1850), सी जेते र्वा (1852), हे माझ्या मते त्याच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी. त्याची बंद पडलेली संस्थाही 1851 मध्ये दुसऱ्याच्या हाताखाली दुसऱ्या इमारतीत परत उभी राहिली, नाव बदलून तेआत्र-लिरीक झाली, आणि पुढे गुनोचा फाउस्ट (1859) तिथेच आला. आदाँने पैसे घालवले पण तिसरं थिएटर पॅरिसला मिळालं.

सी जेते र्वा, म्हणजे ‘मी राजा असतो तर’, याबद्दल आपल्याला जास्त उत्सुकता असायला हरकत नाही कारण हा ऑपेरा घडतो गोव्यात. हो, आपल्या गोव्यात, 1520 साली. झेफोरीस नावाचा कोळी, त्याने समुद्रात बुडणाऱ्या मुलीला वाचवलंय, ती कोण हे त्याला माहीत नाही, तिची फक्त अंगठी जवळ आहे. ती असते राजा मूसूलची बहीण लागणारी राजकन्या नेमेआ. कादूर नावाचा दुष्ट राजपुत्र सांगतो की तिला वाचवणारा मीच. झेफोरीस किनाऱ्यावर वाळूत ‘मी राजा असतो तर’ असं लिहून झोपी जातो, राजा ते वाचतो, गंमत म्हणून त्याला झोपेचं औषध देऊन राजवाड्यात आणतो आणि एक दिवस राजा करतो. आणि हा कोळी खरंच बरा राज्यकारभार करतो, पोर्तुगीज चाल करून येतायत हे ओळखून सैन्य पाठवतो, कादूर त्यांना फितूर आहे हे उघड होतं. इतिहास अर्थात पार वेगळा आहे. अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा 1510 मध्येच घेतला होता, 1520 ला तिथे कुणी मूसूल राजा नव्हता आणि पोर्तुगीज बाहेर नाही, आत बसले होते. पॅरिसमधल्या लिब्रेटोकारांना गोवा म्हणजे समुद्र, जडजवाहीर आणि ऊन एवढंच माहीत. संगीतातही गोव्याचं काही शोधू नका, सगळं अस्सल पॅरिसचं आहे. पण झेफोरीसचं पहिल्या अंकातलं गाणं, ‘तिचं नाव माहीत नाही, कुळ माहीत नाही’, त्यात आवाज कधी जोर करत नाही, एका लाटेतून दुसरीत जातो, गायकाच्या श्वासाची खरी परीक्षा तिथे होते. आणि प्रयोगाचा थाट इतका की गायकांचे दोन संच आलटून पालटून ठेवले होते म्हणजे रोज रात्री लावता यावा. एखाद्या गोवेकर ग्रुपने हा कॉन्सर्ट म्हणून तरी करावा असं मला फार मनापासून वाटतं. (आदाँचा विद्यार्थी दलीब, त्याने 1883 मध्ये ब्रिटिशांच्या भारतात घडणारा लाक्मे लिहिला, त्यातलं फुलांचं द्वंद्वगीत जाहिरातींमुळे सगळ्यांच्या कानावर आहे.)

शेवट लवकर आला. जानेवारी 1856 मध्ये ल कोर्सेर हा बॅले. 29 एप्रिलला त्याचा एक छोटा एकांकी ऑपेरा, ले पांताँ द व्हियोलेत, आणि तो कुठे, तर बूफ-पारिझियाँमध्ये, म्हणजे त्या चेलोवाल्या ओफेनबाखने आदल्या वर्षी काढलेल्या थिएटरात. चार दिवसांनी, 3 मेच्या रात्री, झोपेतच आदाँ गेला. वय 52. चाळीसेक ऑपेरे, डझनावर बॅले. अकादमीवरच्या त्याच्या रिकाम्या जागी निवडून आला संगीतकार बर्लिओझ, जो आधी कितीतरी वेळा हरला होता आणि ज्याचं संगीत आदाँला कधीच रुचलं नव्हतं.

आता ऑपेरे गेले कुठे. आवाजाचं वर सांगितलं. दुसरं कारण संवाद. फ्रेंच गद्य संवाद अर्धा तास, तेही विनोदाचे, टायमिंगवर चालणारे, आजचा गायक पाच देशांत गातो, त्याला फ्रेंच गाता येतं पण फ्रेंच नट होता येत नाही. संवाद कापले तर गोष्ट कळत नाही, ठेवले तर प्रेक्षक कंटाळतो. बिझेच्या कार्मेन या ऑपेराचेही मूळ संवाद काढून त्याजागी गायनी बोलणं घातलं गेलं तेव्हाच तो जगभर फिरला. आदाँसाठी ते कुणी केलं नाही आणि केलं असतं तर चाललंही नसतं, कारण त्याची गंमतच बोलण्यातून गाण्यात सहज शिरण्यात आहे. तिसरं, ओफेनबाखने तोच धंदा जास्त धारदार, जास्त वेडा करून टाकला आणि हसायला येणारा प्रेक्षक तिकडे गेला. जिझेल वाचला तो पॅरिसमुळे नाही. पॅरिसने 1868 नंतर तो बंदच केला होता, रशियात नृत्यरचनाकार पेतिपाने जिवंत ठेवला आणि 1910 मध्ये दियागिलेव्हच्या बॅले कंपनीने तो परत पॅरिसला आणला. ऑपेरांना असा रशिया मिळाला नाही. पोस्तियाँ ऑपेरा-कोमीकमध्ये 1894 नंतर एकदम 2019 ला परत आला, मायकल स्पायरस शापलू, आणि तो चालला, लोक हसले, डी ला टाळ्या पडल्या. म्हणजे मेलेला नव्हता, कुणी करत नव्हतं.

हलका होता का? त्याने स्वतःच सांगून ठेवलंय की त्याला सोपं, लगेच कळणारं, लोकांना रमवणारं संगीत लिहायचंय. बर्लिओझसारखी झेप त्याच्यात नव्हती हे खरंच आहे, हार्मनी साधी, ऑर्केस्ट्रा सभ्य, काही ऑपेरे तर निव्वळ भरताड, मी ते वाचून बाजूला ठेवलेत. पण सोपं म्हणजे सोप्यात लिहिलेलं असं समजू नका. ल तोरेआदोर घ्या, फक्त तीन पात्रं, निवृत्त बुलफायटर नवरा, पूर्वी ऑपेरात गाणारी बायको कोरालीन, आणि तिचा जुना चाहता त्राकोलाँ, जो बासरीवाला आहे आणि बाहेरून ओळखीच्या सुरावटी वाजवून तिला निरोप पाठवतो. त्यातलं त्रिकूट एका बालगीताच्या चालीवर आहे, ‘आ व्हू दिरे-ज मामाँ’, म्हणजे आपल्या सगळ्या पोरांना येणारं ट्विंकल ट्विंकल. आधी साधी चाल, मग प्रत्येक फेरीला सोप्रानोच्या, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेच्या, वाट्याला बारीक बारीक ताना, बासरी तिच्या मागे, मग बरोबर, मग दोघं एकमेकांना खालून-वरून धरून एकाच वेगाने पळतात. बासरी आणि आवाज इतके जवळ ठेवले की सुराची केसभर चूक लपत नाही. आणि इकडे नवरा बिचारा भोळेपणाने मधे मधे आपला भारदस्त आवाज टाकत असतो, म्हणजे बायको आणि प्रियकर त्याच्या तोंडासमोर, त्याच्याच गाण्यात, प्रेम करतायत आणि त्याला फक्त बालगीत ऐकू येतंय. हे सगळं एकाही टिपेवर न घसरता गायचं. बसवून घ्यायला मला मोझार्टच्या कित्येक गाण्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

सुरुवात याच त्रिकुटाने करा, सुमी जो आणि रिचर्ड बोनिंगचं रेकॉर्डिंग आहे, त्यात टेनर जॉन एलर. मग त्याच एलरचा, जून अँडरसनबरोबरचा अख्खा पोस्तियाँ. संवाद आले की पुढे ढकलू नका, लिब्रेटोचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून ऐका, गाणं कुठल्या वाक्यातून निघतं तिकडे लक्ष द्या. सी जेते र्वाचं ओव्हर्चर कुठेही मिळेल, बँडवाल्यांचं आवडतं आहे. स्वतः गात असाल आणि टेनर असाल तर झेफोरीसचं गाणं आधी घ्या, शापलू नंतर.